सामाईक भिंतीचं घर

परभणीच्या जुन्या भागात घर विकायला निघालं की त्यावर पाटी क्वचितच लागते. कच्छी बाजार, गुजरी बाजार, नानलपेठ, गांधी पार्कच्या मागच्या गल्ल्या, इथं बातमी तोंडी फिरते. आधी किराणा दुकानदाराला कळते, मग मिस्त्रीला, मग एजंटाला. वकिलाचं जाहीर प्रगटन वर्तमानपत्रात येईपर्यंत निम्म्या गल्लीला किंमतसुद्धा पाठ झालेली असते. घर साधारण असं असतं: पंधरा फूट रुंद, तीस फूट खोल. खाली जुनी दगडमातीची भिंत, तिच्यावर विटांचं काम, वर अलीकडे टाकलेला स्लॅब, त्यावर पत्र्याची खोली आणि पाण्याची काळी टाकी. डावी-उजवीकडची भिंत शेजाऱ्याचीही असते. पुढे ओटा, ओट्यापुढे नाली, नालीपलीकडे जेमतेम आठ फुटांचा बोळ. घेणारा पैसे मोजतो साडेचारशे चौरस फुटांचे. पदरात मात्र त्या भिंतीचे, नालीचे, बोळाचे, उजेडाचे आणि नळाचे आणखी दहा घरांशी असलेले व्यवहारही पडतात. खरेदीखतात त्यातलं फार थोडं लिहिलेलं असतं. फसगत होते ती बहुतेक वेळा या न लिहिलेल्या भागात.

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण मराठवाड्यात अजून सगळ्यांच्या तोंडी आहे. कुठंच जमलं नाही तर शेवटी परभणी गाठावी, असा तिचा भाव. लोकांनी ती खरोखरच गाठली. १९०० च्या सुमाराला मनमाड-सिकंदराबाद रेल्वे इथून धावू लागली तेव्हा हे निजामी जिल्ह्याचं सुमारे १० हजार वस्तीचं गाव होतं. १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ आलं. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३ लाख ७ हजार १७० भरली आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला नगरपालिकेची महापालिका झाली. २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पूर्णा, पालम, सोनपेठ, मानवत या तालुक्यांतला शेतकरी मुलांच्या शिकवणीसाठी परभणीत दोन खोल्या बघतो, एसटीतला कर्मचारी निवृत्तीच्या पैशात घर बघतो, आणि व्यापाऱ्याला खाली दुकान, वर राहणं असं हवं असतं. हे सगळे काही वसमत रोड किंवा जिंतूर रोडच्या मोकळ्या प्लॉटांकडे वळत नाहीत.

का वळत नाहीत, हे समजून घेण्यासारखं आहे. महापालिकेचं क्षेत्र सुमारे ५७ चौरस किलोमीटर. भागाकार केला तर चौरस किलोमीटरला पाच हजारांच्या थोडी वर माणसं येतात, म्हणजे मुंबईच्या मानाने विरळच. पण या हद्दीत शेतं आहेत, माळरान आहे, अजून एकही वीट न लागलेली प्लॉटिंग आहे. जुन्या गावठाणात उभं राहिल्यावर या सरासरीला काही अर्थ राहत नाही.

अमेरिकन लेखिका जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये 'द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज' या पुस्तकात एक फरक ठासून मांडला होता. एका एकरात किती घरं आहेत ही एक गोष्ट, आणि एका खोलीत किती माणसं कोंबली आहेत ही दुसरी. पहिली दाटी वस्तीला जिवंत ठेवू शकते. दुसरी माणसाचं आयुष्य खाते. त्या काळचे नगररचनाकार दोन्हींना एकच रोग समजून सरसकट वस्त्या पाडत होते, आणि बॉस्टनच्या नॉर्थ एंडसारखी नांदती वस्तीही त्यांच्या लेखी झोपडपट्टी होती. हा फरक परभणीतही डोळ्यांना दिसतो. गल्लीत घरं खेटून आहेत म्हणूनच दवाखाना, दूध, पिठाची गिरणी, शाळा आणि बाजार पायी गाठता येतो. रात्री साडेनऊला शिकवणीहून परतणारी मुलगी चार ओट्यांवरच्या बायांच्या नजरेखालून येते. म्हातारं माणूस दोन दिवस दिसलं नाही तर कोणीतरी कडी वाजवतं. घेणाऱ्याने आधी हे बघावं की ही दाटी घरांची आहे की खोलीतल्या माणसांची. तीन भावांचे संसार एकाच मोरीवर चालत असतील, तर त्या घराचं दुखणं बोळ रुंद करून बरं होणारं नाही.

आता भिंत. गावठाणातली जुनी घरं माळवदाची. दोन-अडीच फूट जाडीची दगडमातीची भिंत, तिच्यावर तुळया, तुळयांवर फळ्या आणि वर मातीचा थर. शेजारच्या घराच्या तुळया बहुधा त्याच भिंतीवर टेकलेल्या असतात. एकाने घर पाडून स्लॅब टाकायचं ठरवलं की दुसऱ्याच्या घराचा आधार जातो. पाया खणताना शेजारची भिंत फुगते, पावसाळ्यात पाणी मुरतं, आणि ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांची वाटी जायची ते कोर्टाची तारीख धरतात.

इंग्लंडमध्ये यासाठी १९९६ चा स्वतंत्र कायदा आहे. सामाईक भिंतीला हात लावण्याच्या दोन महिने आधी शेजाऱ्याला लेखी नोटीस द्यावी लागते. त्याच्या इमारतीपासून तीन मीटरच्या आत त्याच्या पायापेक्षा खोल खणायचं असेल तर त्याची नोटीस एक महिना आधी. आपल्याकडे असा कायदा नाही. आहे तो १८८२ चा सुविधाधिकार कायदा. त्याप्रमाणे शेजारच्या जमिनीचा आधार हा जमिनीचा नैसर्गिक हक्क आहे, पण त्या जमिनीवर उभारलेल्या घराच्या वजनाला तो आपोआप मिळत नाही. वीस वर्षं हा आधार उघडपणे, बिनतक्रार आणि अखंड मिळत आला असेल तर त्याचा हक्क तयार होतो. खिडकीतून येणारा उजेड, वारा आणि जाण्यायेण्याची वाट यांनाही हीच वीस वर्षांची अट. त्यामुळे जुन्या घरातली मागच्या बाजूची छोटी खिडकी कधी फोडली, बोळातल्या वाटेवरून कोण किती वर्षं जातंय, पावळ्याचं पाणी कोणाच्या अंगणात पडतंय, हे प्रश्न चहाच्या गप्पांसारखे वाटले तरी कायद्यात त्यांना किंमत आहे. घर बघायला जाताना मिस्त्रीला बरोबर न्यावं. भिंत वाजवून, तुळईची टोकं बघून तो जे पाच मिनिटांत सांगतो ते कुठल्याही कागदावर सापडत नाही.

मातीचंही बघावं लागतं. गावठाण पांढरीवर वसायचं आणि काळी शेतीला ठेवायची, ही जुनी रीत. शहर वाढलं तसं ते पांढरी सोडून काळ्या कापसाच्या जमिनीवर उतरलं. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया घेतला तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते आणि पावसाळ्यात दारं चौकटीत अडकतात. म्हणून मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं. गावठाणात उलटा प्रश्न येतो. तिथली माती शतकानुशतकांच्या पडक्या घरांचा भराव असते. कुठं जुनी बुजवलेली विहीर, कुठं धान्याचं पेव. नवा पाया घेताना खालची जमीन कधी एकसारखी लागत नाही.

१९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसं गेली. त्यातली बहुतेक अशाच जाड दगडमातीच्या भिंती आणि मातीच्या जड छपरांखाली दबली. मराठवाडा ते विसरलेला नाही. २०२४ मध्ये २१ मार्चला आणि पुन्हा १० जुलैला हिंगोली परिसरात साडेचार रिश्टरच्या आसपासचे धक्के बसले तेव्हा परभणीतली माणसंही घराबाहेर धावली होती. जुन्या भिंतीवर नवा मजला चढवलेलं घर विकत घेणाऱ्याने त्या दोन सकाळी आठवाव्यात. खालच्या मातीच्या भिंतीवर वरचा स्लॅब टेकलेला असेल आणि मध्ये सिमेंटचे खांब नसतील, तर ते घर राहण्यासाठी विकत घ्यायचं नाही, जागेसाठीच घ्यायचं. भावही जागेचाच धरायचा.

जागेसाठी घ्यायचं ठरलं की दुसरा हिशेब सुरू होतो. २०२० च्या डिसेंबरात राज्यात एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली आली. दाटवस्तीसाठी तिच्यात वेगळे नियम आहेत. बोळ साडेचार मीटरपेक्षा अरुंद असेल तर नवं बांधकाम बोळाच्या मध्यरेषेपासून सव्वादोन मीटर मागे घ्यावं लागतं. आठ फुटांचा बोळ म्हणजे मध्यापासून ओट्यापर्यंत सुमारे सव्वा मीटर. आणखी एक मीटर, म्हणजे जवळजवळ साडेतीन फूट मागे सरकायचं. पंधरा फुटांच्या दर्शनी बाजूला साडेतीन फुटांनी गुणलं तर पन्नासहून अधिक चौरस फूट गेले. साडेचारशेपैकी हा नववा हिस्सा झाला, आणि पैसे मात्र पूर्ण साडेचारशेचे मोजलेले. ओटा नालीवर पुढे आलेला असेल तर तो मुळात विकणाऱ्याचा नव्हताच. म्हणून मोजणी खरेदीच्या आधी करून घ्यावी, आणि महापालिकेच्या नगररचना विभागातून विकास आराखड्याचा भाग नकाशाही काढावा. जागेवर रस्त्याचं किंवा इतर आरक्षण असेल तर ते सहजी उठत नाही. नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षं उलटल्यावर मालकाने नोटीस द्यायची आणि मग आणखी चोवीस महिने थांबायचं.

कागदांकडे वळलं की परभणीचं वेगळेपण खऱ्या अर्थाने समोर येतं. पुण्याच्या पेठेतला जुना कागद पेशवाई आणि इंग्रजी अमदानीतून येतो. परभणी १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. इथल्या जुन्या घराच्या दप्तरात उर्दू खरेदीखत निघतं, त्यावर फसली साल असतं आणि रक्कम हाली शिक्क्यात, म्हणजे निजामी रुपयांत. फसली सालात साधारण ५९० मिळवले की इसवी सन निघतो. १३५० फसली म्हणजे १९४०-४१. हा कागद वाचणारी माणसं दरवर्षी कमी होत चालली आहेत. 'आजोबांच्या वेळचं आहे, कोण विचारतंय' असं म्हणून तो बाजूला ठेवणं हा मोठा धोका. जाणकाराकडून त्याचं मराठी भाषांतर करून घेतलं पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या साखळीची पहिली कडी तोच आहे. शहराच्या कडेची जागा असेल तर १९५४ च्या सुमाराचं खासरा पाहणी पत्रक काढून तिथं कोणाचं नाव आहे ते बघावं लागतं. जागा इनामाची होती का? मदतमाश म्हणजे निर्वाहासाठी दिलेली, की खिदमतमाश म्हणजे देवळाच्या, मशिदीच्या, दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली? निजामाने दिलेली बरीच इनामं १९५४ च्या कायद्याने खालसा झाली, पण त्यांच्या अटी सगळ्या सुटल्या नाहीत. आजही सातबारावर 'भोगवटादार वर्ग २' दिसलं की जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पुढं जाता येत नाही. सेवेची जमीन विकणाऱ्याची नसते. वक्फ मिळकतीची विक्री कायद्याने मुळातच रद्दबातल आहे, मग घेणाऱ्याने पै न पै चुकती केलेली असो. राज्याच्या वक्फ मंडळाचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. दर्ग्याच्या, मशिदीच्या किंवा देवस्थानाच्या आसपासची जागा घेताना ही चौकशी टाळू नये.

याहून रोजचा धोका बाँडचा. 'बाँडवर घेतलं' हे वाक्य परभणीत इतक्या सहज ऐकू येतं की ते बेकायदा वाटतच नाही. मुद्रांकावर चार ओळी, नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदार, ताबा दिला, पैसे घेतले. वर्षानुवर्षं हे शंभराच्या मुद्रांकावर चाललं. २०२४ पासून तो मुद्रांक पाचशेचा झाला, पण त्याने मालकी मात्र येत नाही. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो की शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत नोंदणीकृत खतानेच विकली जाते. मुखत्यारपत्र आणि करारनामा यांच्या जोडीवर झालेली विक्री ही विक्री नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सुरज लँप प्रकरणात स्वच्छ सांगितलं. बाँडवर घेतलेलं घर मूळ मालकाच्या नावावरच राहतं. तो वारला की त्याच्या मुलांच्या नावावर जातं, आणि वीस वर्षं त्या घरात राहिलेल्या माणसाला नव्या पिढीच्या दारात जाऊन सही मागावी लागते. गरीब माणूस बाँडवर जातो तो मूर्ख असतो म्हणून नव्हे. प्लॉट गुंठ्यातला असतो, अकृषिक आदेश नसतो, दुय्यम निबंधक दस्त घेत नाहीत, आणि त्याच्याजवळ तेवढेच पैसे असतात.

हा गुंता सरकारनेच बराच काळ वाढवला. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचा आधार घेऊन जुलै २०२१ मध्ये नोंदणी महानिरीक्षकांनी मंजूर रेखांकनाशिवाय छोट्या तुकड्यांचे दस्त नोंदवू नयेत असं परिपत्रक काढलं. मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केलं. २०२५ मध्ये सरकारने शहरी भागात तुकडेबंदीच उठवण्याचा निर्णय जाहीर केला. दरम्यान ज्यांनी घेतलं त्यांनी बाँडवर घेतलं. २००१ चा गुंठेवारी कायदा अशा जागा नियमित करण्यासाठीच आहे. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढली. गुंठेवारीतलं घर घेताना 'फाईल टाकलीय' एवढ्यावर विश्वास ठेवू नये. नियमितीकरणाचं प्रमाणपत्र आणि शुल्काची पावती हातात बघावी.

एक गैरसमज तर मुळातूनच काढून टाकायला हवा. महापालिकेची कराची पावती, आकारणीचा उतारा, महावितरणचं बिल, नळपट्टी यांतलं काहीही मालकीचा पुरावा नाही. कर भरणाऱ्याचं नाव आणि मालकाचं नाव वेगळं असू शकतं, आणि जुन्या गल्ल्यांत ते बऱ्याचदा असतंच. गावठाणात मालकीच्या जवळ जाणारा कागद म्हणजे नगर भूमापनाची मिळकत पत्रिका आणि नोंदणीकृत खतांची साखळी. वकिलाकडून किमान तीस वर्षांचा शोध घ्यावा. संगणकावरचा शोध साधारण २००२ च्या पुढचा. त्याआधीच्यासाठी दुय्यम निबंधक कार्यालयातली जुनी पुस्तकंच चाळावी लागतात. हे काम कंटाळवाणं आहे, वकीलही ते टाळतात. घेणाऱ्याने आग्रह धरावा.

मिळकत पत्रिकेवर एकच नाव असलं तरी घर एकाचं असतंच असं नाही. वडील वारले, थोरल्याचं नाव लागलं, धाकटा पुण्याला, बहिणी नांदेड-जालन्याला दिलेल्या. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबात मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. वडील तेव्हा हयात होते की नाही यावर तो अवलंबून नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये नक्की केलं. मुस्लिम कुटुंबात मुलीचा आणि विधवेचा हिस्सा तर आधीपासूनच ठरलेला आहे. 'बहिणींचं काही म्हणणं नाही' हे भाऊ म्हणतो. बहिणींनी ते नोंदणीकृत हक्कसोडपत्रात म्हटलं पाहिजे, किंवा खरेदीखतावर सह्या केल्या पाहिजेत. त्यांच्या वाट्याचे पैसे त्यांच्या खात्यात गेले तर आणखी चांगलं, आणि ते न्याय्यही आहे. एका भावाचा अविभक्त हिस्सा स्वस्तात मिळतोय म्हणून घेणाऱ्याला तर कायदा घरात पाऊलही टाकू देत नाही. राहत्या घराचा हिस्सा परक्याने घेतला तर त्याला सामाईक ताबा मागता येत नाही, त्याला वाटपाचा दावा लावावा लागतो. दावा लावलाच तर १८९३ च्या वाटप कायद्याने घरच्यांना तो हिस्सा किंमत देऊन परत घेता येतो.

भाडेकरूंचंही असंच. खालच्या दुकानात तीस वर्षांपासून शिंपी बसतो, महिन्याला नाममात्र भाडं देतो. घर विकलं म्हणून तो उठत नाही. आधी १९५४ चा हैदराबादचा भाडे नियंत्रण कायदा त्याला आधार देत होता, ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्राचा कायदा देतो. विकणारा 'आम्ही काढून देऊ' म्हणत असेल तर काढून झाल्यावरच उरलेली रक्कम द्यावी.

शेजाऱ्याला आधी विचारायचं, ही इथली रीत आहे. घराला घर लागून असलं की शेजारी दोन पैसे जास्तही देतो, कारण त्याला भिंत पाडून मोठं करता येतं. मुस्लिम कायद्यातल्या शुफ्अ नावाच्या अग्रक्रयाच्या हक्काने जुन्या काळी याला कायदेशीर बळ होतं. नुसत्या शेजाराच्या आधारावरचा हा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये अवैध ठरवला. रीत मात्र टिकली आणि ती समंजस आहे. दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना विचारलं का, हा प्रश्न बाहेरून येणाऱ्याने विकणाऱ्याला जरूर करावा. शेजाऱ्याने नाही म्हटलं असेल तर का म्हटलं, हेही त्या शेजाऱ्याकडूनच ऐकावं. बहुधा भिंतीचा, नालीचा किंवा वाटणीचा जुना वाद तिथंच कळतो.

याच रीतीची दुसरी बाजू कडू आहे. परभणीत हिंदू, मुस्लिम, बौद्ध, जैन सगळे राहतात, बाजार सगळ्यांचा एक आहे. दर्गा रोडवरच्या हजरत तुराबुल हक यांच्या उरुसाला सगळ्या धर्मांचे लोक जातात. पण राहण्याच्या गल्ल्या वेगळ्या होत चालल्या आहेत. घर विचारताना आधी आडनाव विचारलं जातं, आणि बौद्ध किंवा मुस्लिम कुटुंबाला दामदुप्पट पैसे असूनही 'घर दिलं' असं सांगितलं जातं. महाराष्ट्रातला कुठलाही कायदा अशी सीमा आखत नाही. ती माणसांनी आखली आहे. तिचा परिणाम भावावरही होतो. ज्यांना दारं कमी उघडी असतात ते मोजक्याच मोहल्ल्यांत दाटी करतात, तिथले भाव चढतात, आणि एका खोलीतली माणसं वाढत जातात. जेकब्ज ज्याला खोलीतली गर्दी म्हणतात, तिचं एक मूळ इथं आहे.

पाण्याची चौकशी बायकांकडे करावी. शहराला पूर्वी राहटीच्या बंधाऱ्यातून पूर्णेचं पाणी यायचं, पुढे येलदरी धरणावरून योजना आली. तरी नळाला किती दिवसांनी, किती वाजता, किती वेळ आणि किती जोराने पाणी येतं हे गल्लीगणिक बदलतं. बोळाच्या शेवटच्या घराला ते सगळ्यात उशिरा पोचतं. बेसाल्टच्या खडकात बोअरचं पाणी एका घरी लागतं, शेजारी लागत नाही. पावसाचं पाणी कुठं साचतं तेही पावसाळ्यातच कळतं. पिंगळगड नाल्याच्या बाजूची घरं बघायची तर ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बघावीत. २०२४ च्या सप्टेंबरात सुरुवातीच्या दोन दिवसांच्या अतिवृष्टीने परभणी जिल्ह्यात जे झालं, त्याच्या खुणा भिंतींवर फूटभर उंचीला दिसत होत्या. उन्हाळ्यात घर बघणाऱ्याने निदान खालच्या रंगाखालचा ओलसर पट्टा शोधावा.

पैशांचा हिशेब शेवटी येतो, पण तो आधीच मांडून ठेवावा. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ५ टक्के आणि त्यावर स्थानिक संस्थेचा १ टक्का अधिभार. व्यवहाराची रक्कम आणि सरकारी बाजारमूल्य यांत जे जास्त, त्यावर ते लागतं. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही. वीस लाखांच्या घराला शुल्क १ लाख २० हजार आणि फी २० हजार. घर बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर शुल्कात १ टक्का सवलत आहे, म्हणजे २० हजार रुपये वाचतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे घर तिच्या नावावर होतं. इसार देताना २० हजार किंवा त्याहून अधिक रोख देऊ-घेऊ नये. आयकर कायद्यात २०१५ पासून त्याला मनाई आहे, आणि बँकेतून गेलेला पैसा कोर्टात पुरावा म्हणून उभा राहतो. इसारपावतीत पूर्ण रक्कम, मुदत, कोणकोणत्या वारसांच्या सह्या लागतील आणि भाडेकरू कोण काढणार, हे लिहून घ्यावं.

रजिस्ट्री झाली म्हणजे काम संपलं असं समजून माणसं पेढे वाटतात आणि पुढची कामं राहून जातात. नगर भूमापन कार्यालयात फेरफाराचा अर्ज, महापालिकेत कर आणि नळाचं नाव बदलणं, महावितरणचं मीटर, ही कामं त्याच महिन्यात उरकावीत. पुढच्या पिढीला घर विकायचं असेल तेव्हा हेच तुटके दुवे शोधत फिरावं लागतं. आणि शेजाऱ्याशी संबंध अजून नवे, गोड असतात तेव्हाच भिंतीचा करार करून टाकावा. भिंतीची लांबी-जाडी, तिची मध्यरेषा, कोणाच्या तुळया कुठं टेकल्या आहेत, नवं बांधताना पाया कोणाच्या बाजूने किती घ्यायचा, पावळ्याचं पाणी कुठून काढायचं, दुरुस्तीचा खर्च कसा वाटायचा, हे नकाशासह दोघांच्या सह्यांनी लिहून नोंदवून घेता येतं. परभणीच्या जुन्या गल्ल्यांत असे करार फार थोड्यांनी केले आहेत. ज्या भिंतीवर दोन संसार टेकले आहेत तिच्यासाठी एवढा कागद करणं वकिलाला दोन तासांचं काम आहे.